भिंगरीने हलवलेला कंस

…तर ती बसमधून उतरलीच नाही. काल इथवरच आलो होतो, नाही का? तिचा स्टॉप आला, कंडक्टर ओरडला, मागच्या बाईने कोपराने ढोसलं, पण ही जागची हलेना. कारण काय, तर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या हातात वर्तमानपत्र होतं, त्यातल्या एका बातमीत कंस उघडला होता आणि तो मिटलेला तिला कुठे दिसेना. गृहस्थ पान उलटायला लागले तर हिने त्यांचं मनगटच धरलं, "थांबा हो, जरा थांबा!" ते बिचारे इतके घाबरले की पेपर तिच्या मांडीवर टाकून पुढच्या दाराने उतरून गेले. ही शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली. बातमी संपली, पान संपलं, कंस उघडा तो उघडाच. मग स्वतःच्या पेनाने जिथं वाटला तिथं मिटवला, उलट्या बसने कामावर गेली आणि तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या जिवाला थंडावा मिळाला.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. भिंगरी हे आत्याने ठेवलेलं. आई कामावर, बाप फिरतीवर, तेव्हा पोर वाढली ती आत्याच्या ओटीत. ओटीत म्हणायचं, पण ओटीत ती बसली कधी? ताटावरून चार वेळा उठायची. शाळेतून गुरुजींची चिठ्ठी यायची की मुलगी हुशार आहे, फक्त तिला बाकाला बांधून ठेवायची परवानगी द्यावी. पुढे लग्न झालं, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरून माघारी यायची, गॅस बंद केला का बघायला. गॅस बंदच असायचा. मग डब्यांची झाकणं बघायची. तीही लागलेलीच असायची.

नवरा शिंपी. खाली दुकान, वर घर. तो मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "अगं, माणूस बेततो आणि मग कापतो. तू आधी कापून टाकतेस आणि मग दिवसभर बेतत बसतेस."

"तुम्ही तुमच्या बाह्या बघा," ही जिन्यावरून म्हणायची. "काल त्या मास्तरांच्या कोटाला दोन्ही डाव्या लावल्या होत्यात."

"एकदाच लावल्या. तुझा गॅस रोज सुटतो."

अशा बाईला काम कुठलं मिळावं? तर बसून करायचं! अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवणारं एक ग्रंथालय होतं. खालच्या मजल्यावर काचेच्या खोल्या. तिथे हौशी माणसं येऊन पुस्तकं मोठ्याने वाचणार, रेकॉर्डिंगवाला ती टिपून घेणार. वरच्या मजल्यावर थंडगार खोलीत एक जाडजूड संगणक, आणि त्याच्यासमोर भिंगरी. तिचं काम शेल स्क्रिप्टचं. नाव ऐकून दबकायचं कारण नाही. आपण बाहेर जाताना स्वयंपाकाच्या बाईसाठी चिठ्ठी लिहून ठेवतो ना, आधी भांडी घास, मग कणीक मळ, जाताना कचरा टाक? तशी यंत्राला लिहून ठेवलेली चिठ्ठी म्हणजे स्क्रिप्ट. फरक इतकाच, बाई दारात उभी राहून विचारते, "वहिनी, कचरा म्हणजे नेमका कुठला?" यंत्र विचारत नाही. हाताला येईल ते टाकतं.

या चिठ्ठ्या आधीच्या इंजिनिअरने लिहिलेल्या. तो परदेशी गेला आणि चिठ्ठ्या हिच्या गळ्यात पडल्या. त्यांत कंसच कंस. नवऱ्याने एकदा विचारलं, "कंस कशाला लागतो गं यंत्राला? त्याला काय गणितं घालायचीत?"

"कंस म्हणजे खोली समजा. यंत्राला सांगितलं, कंसात शिर, त्या फोल्डरमध्ये जा, काय तो धिंगाणा घाल. कंस मिटला की ते आपोआप जिथं होतं तिथं परत येतं. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

"आणि कंस चुकून आधीच मिटला तर?"

"तर खोलीतून बाहेर येऊन दिवाणखान्यात धिंगाणा."

नवऱ्याने कात्री खाली ठेवली. "म्हणजे आपल्या साडूसारखं."

हसण्यावारी नेलं खरं, पण ग्रंथालयात असे दिवाणखान्यातले धिंगाणे बरेच झाले होते. एका पुस्तकाचं तर असं झालं: शेवटी एकदाच यायची ती घोषणा, 'इथे पुस्तक संपले', कंस भलत्या जागी मिटल्यामुळे प्रत्येक प्रकरणामागे येऊन बसली. श्रोत्यांमध्ये एक खुर्च्या विणणारे काका होते. जन्मापासून अंध, आणि जिभेला धार अशी की वेत सोलावा. त्यांचा फोन आला, "अहो, तुमचं हे पुस्तक मरतं, पुन्हा उठून बसतं, पुन्हा मरतं. एकदाचं काय ते ठरवा, मला पुढचं विणायला घ्यायचंय." भिंगरीने तो कंस शोधला, काढला, योग्य जागी लावला. मग तिला चटकच लागली. एकेक स्क्रिप्ट उघडायची, कंस मोजायची, हलवायची, तपासायची, घरी जायची आणि मग घरून फोन करायची, "दादा, ते मशीन ठीक चाललंय ना? जरा बघता?"

दादा म्हणजे रेकॉर्डिंगवाला. कानाला सदा हेडफोन, त्यामुळे स्वतः ओरडून बोलायची सवय. त्यानेच तिला 'कंसमामी' नाव ठेवलं. तोंडावरच म्हणायचा. भिंगरीचे फोन बाजारातून येत, दवाखान्यातून येत, एकदा तर लग्नाच्या मांडवातून आला, आणि मागे सनई इतकी मोठी की दादाला वाटलं ग्रंथालयातच बिघाड झाला. दर वेळी सगळं ठीक निघायचं. एकदा मात्र त्याने तिचं ऐकून मशीन धाडकन बंद केलं. त्या वेळी खाली एक निवृत्त न्यायाधीश वाचत होते, त्यांचं अख्खं प्रकरण गेलं. आणि भिंगरीचा कंस? जागच्या जागी, शहाण्यासारखा बसलेला. ग्रंथालयाच्या प्रमुख बाईंनी दादाला जे काही ऐकवलं ते काचेच्या खोलीतूनही बाहेर ऐकू आलं म्हणतात. तेव्हापासून दादाने कानाला खडा लावला. लांडगा आला रे आला म्हणून कुणीही ओरडो, मशीनला हात लावायचा नाही.

आता आत्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्या काळात जेव्हा मधली बाई जोडून देईल तेव्हा बोलणं व्हायचं. तिचा आवाज असा की लोक नंबर लागल्यावरही म्हणायचे, "तुम्हीच बोला ना." निवृत्त झाल्यावर भिंगरीनेच तिला ग्रंथालयात आणलं. आत्या काचेच्या खोलीत बसायची, कोमट पाण्याचा गडवा जवळ घ्यायची आणि वाचायची. अंध श्रोत्यांत तिचं नाव झालं. खुर्च्या विणणारे काका दुसऱ्या कुणाचं पुस्तक घेतच नसत.

आणि या आत्याच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, आवाज नाही राहायचा. आत्या त्या वेळी एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होती. तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "किती दिवस देता?" आणि रोज येऊन वाचायला लागली. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा झालेला, पण वाचतेय. मधे थांबायची, पाणी घ्यायची, दादा हेडफोन काढून खिडकीकडे बघत राहायचा, मग पुन्हा सुरू. शेवटची प्रकरणं तिने दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी पुरी केली. काकांना फोनवर सांगितलं गेलं, उद्या शेवट मिळेल.

त्याच दुपारी भिंगरीने काय करावं? संध्याकाळच्या आवराआवरीची स्क्रिप्ट उघडून बसावी! सहा वाजता ग्रंथालय बंद होताना ही स्क्रिप्ट आपोआप चालायची. काम साधं. यंत्र आधी 'ताजं' नावाच्या फोल्डरमध्ये उभं राहायचं, तिथे त्या दिवसाची नवी रेकॉर्डिंग असायची. मग कंसात शिरून 'रद्दी'च्या फोल्डरमध्ये जायचं, तिथलं सगळं पुसायचं, तारीख टिपायचं, कंस मिटायचा, आणि मग ताजं उचलून पक्क्या कपाटात, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर ठेवायचं. गोम एवढीच होती की तारीख टिपायची ओळ कंसाच्या आत पडली होती, त्यामुळे ती टिपणी रद्दीत जाऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी रद्दीबरोबर पुसली जायची. कुणाचं काही अडत नव्हतं. पण भिंगरीच्या डोळ्यात ते कुसळासारखं सलत होतं. मिटणारा कंस एक ओळ वर न्यायचा, की झालं.

तिने कंस खालून काढला. तेवढ्यात फोन. दवाखान्यातून नर्स, "तुमच्या आत्यांना आत्ताच दाखल करून घेतोय, ऑपरेशन उद्या सकाळी पहिलंच. सही करायला कोण येतंय?" भिंगरी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने टाइप करत होती. "आले, आले, निघालेच," म्हणाली. कंस लावला, सेव्ह केलं, यंत्राने तक्रार केली नाही. कशी करणार? उघडलेला एक, मिटलेला एक, जोडी पुरी. यंत्र जोड्या मोजतं, संसार बघत नाही. आणि ही धावत सुटली.

दवाखान्यात तीन खाटांची खोली. मधली खाट रिकामी, पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. बसायला लोखंडी स्टूल, हललं की किंचाळायचं, आणि भिंगरी त्यावर बसल्यावर ते सारखं किंचाळत होतं. सही झाली, पिशवीतले कपडे कपाटात गेले, पाण्याचं भांडं डावीकडून उजवीकडे झालं, पुन्हा डावीकडे झालं.

"भिंगरे," आत्या म्हणाली, "आज तरी बूड टेकव. उद्यापासून मी तुला बस म्हणूही शकणार नाही."

"आत्या, असं काय बोलतेस!"

"बोलू दे. आज जेवढं बोलता येईल तेवढं बोलणार आहे मी. डॉक्टरांनाही सांगून टाकलंय, आज गप्प बसा म्हणायचं नाही."

भिंगरी बसली. आत्या बोलायला लागली. हिचं लक्ष होतं, नाही असं नाही, पण हाताची बोटं चादरीच्या काठावर टाइप करत होती. ती तिची जुनी खोड, दिवसभरात जे लिहिलं ते बोटांनी पुन्हा लिहून बघायची. ताज्यात उभं राहा. कंस उघड. रद्दीत जा. कंस मीट. सगळं पूस…

बोटं थांबली. कंस एक ओळ वर जायचा तो दोन ओळी वर गेला होता. यंत्र रद्दीत जाणार, कंस मिटला म्हणून लगेच बाहेर येणार, ताज्यात उभं राहणार, आणि तिथे उभं राहून सगळं पुसणार. ताज्यात आत्या होती. पक्क्या कपाटात ती अजून गेलीच नव्हती, आणि वाचन थेट मशीनवरच जायचं, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"आत्या, आलेच हं," म्हणत ती बाहेरच्या लांब गल्लीत गेली आणि फोन लावला.

"बोला कंसमामी!" दादा हेडफोन लावूनच ओरडला. "आज वेळ झाला तुम्हाला, वाट बघत होतो."

"दादा, मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"करतो ना. न्यायाधीशसाहेबांना पण बोलावून घेतो. तेच बसलेत खाली, विचारतो त्यांना."

"दादा, गळ्याशप्पथ! या वेळी खरंच चुकलाय कंस. सहाला आत्याचं आजचं सगळं पुसलं जाईल."

"मागच्या खेपेला कुणाच्या गळ्याची शपथ होती? हे बघा ताई, साहेबांचं वाचन थेट मशीनवर जातंय. मी ते मोडलं तर बाई मला रद्दीत घालतील. तुम्ही या, तुमच्या हाताने बंद करा, मी बाजूला उभा राहतो. आहे किती लांब?"

लांब नव्हतं. बसने अर्धा तास, आणि सहाला तासाभराच्या वर अवकाश होता. बाईंना फोन लावला, तर त्या कुठल्याशा सभेत, फोन बंद. भिंगरी पर्स घ्यायला खोलीत आली.

आत्या उशीला टेकून बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती. "ये ये. तुझ्या बापाची एक गोष्ट आठवली. तुला कधी सांगितली नाही."

"आत्या, मला जरा…"

"जरा काय? ऐक. तुझा बाप असेल आठ-नऊ वर्षांचा, मी त्याच्याहून थोडी मोठी. मैदानात तंबू ठोकून सिनेमा लावायचे, आणि मैदानाला ही एवढी उंच भिंत. आमच्या शेजारी एक रंगारी राहायचा. त्याची शिडी तुझ्या बापाने पळवली."

भिंगरीने पर्स खांद्याला लावली होती. "पळवली? बाबांनी?"

"मग! सरळ वाटला का तुला तो? आम्ही भिंतीवर चढून बसलो. तंबूचं एक कापड फाटलेलं, त्यातून पडद्याचा कोपरा दिसायचा. नटीचा एक डोळा आणि घोड्याचं शेपूट, एवढाच सिनेमा." आत्या खोकली. हिने स्टुलावर टेकून पाणी दिलं. आत्याने हिचं मनगट धरूनच घोट घेतला. "अर्ध्यात तुझ्या बापाला आठवलं की रंगारी घरी यायची वेळ झाली. झालं! उतरला आणि शिडी घेऊन पळाला. मी वर!"

"तुला तिथंच टाकून?"

"तिथंच. तो पळत सुटला की त्याला मागचं काही दिसायचं नाही. अगदी तुझ्यासारखा."

भिंगरी मनगट सोडवून पुन्हा उठली. खिडकीशी गेली. खाली स्टॉपवर बस उभी होती, दारं उघडी. घड्याळ भिंतीवर, नेमकं खाटेसमोर. एक पाऊल दाराकडे, एक खाटेकडे. आत्याला खरं सांगितलं तर आत्या म्हणणार, जा. किंवा म्हणणार, राहू दे. दोन्ही तिला ऐकायचं नव्हतं.

"मग तू खाली उतरलीस कशी?" तिने विचारलं.

"तेच सांगतेय की. बस."

खालची बस निघून गेली. स्टूल एकदा किंचाळलं आणि मग गप्प झालं.

आत्याने सगळं सांगितलं. सिनेमा सुटला, माणसं पांगली, राखणदार कंदील घेऊन भिंतीखाली आला आणि म्हणाला, उतर नाहीतर कुत्रं सोडतो. ती म्हणाली, कुत्र्याला शिडी येत असेल तर सोडा. मग भिंगरीचा बाप आला, त्याच्यामागे शिडी, शिडीमागे रंगारी, रंगाऱ्यामागे आजोबा हातात चप्पल घेऊन. कोण कुणाला मारणार हेच ठरेना. आवाज मधेच फाटत होता, मधेच नुसता वारा यायचा, आणि आत्या ओठांनी शब्द जुळवून पुढे न्यायची. घड्याळाचा मोठा काटा बारावर आला, भिंगरीने तो येताना पाहिला, आणि त्या क्षणी ग्रंथालयाच्या थंडगार खोलीत यंत्र कंसातून बाहेर येऊन ताज्यात उभं राहिलं. तिला ते अगदी समोर दिसलं. काटा बारावरून पुढे गेला. नर्सने घंटा वाजवली, भेटीची वेळ संपली म्हणाली. आत्याने बोट वर केलं, थांबा. नर्स दारात उभी राहून ऐकायला लागली.

"पण खरी गंमत पुढेच," आत्या म्हणाली. "त्याने सिनेमाचा शेवट पाहिलाच नव्हता ना! जन्मभर विचारायचा मला, अगं, शेवटी काय झालं? आणि मी दर वेळी वेगळं सांगायचे. एकदा नटी मेली, एकदा घोडा मेला, एकदा दोघांचं लग्नच लावून दिलं!"

भिंगरी इतकी हसली की पलीकडची म्हातारी जागी झाली.

ऑपरेशन नीट झालं. आत्या शुद्धीवर आली, भुवया उडवून नर्सला काहीबाही विचारायला लागली. भिंगरी दुसऱ्या दिवशी कामावर गेली ती सरळ वर. तिने कंस एक ओळ खाली आणला. एवढंच होतं ते काम. ताजं फोल्डर रिकामं. बाहेरून एक जाणकार बोलावला होता, त्याने दुपारपर्यंत खटपट करून काही तुकडे परत मिळवले, खरखरीत मधेच आत्याचे दोन-चार शब्द, बाकी काही नाही. दादा जिन्यात बसला होता, हेडफोन गळ्यात, तोंड एवढंसं. खुर्च्या विणणाऱ्या काकांना फोन त्यानेच केला. काकांनी एवढंच म्हटलं म्हणे, "शेवट कुणीही वाचा. पण मला सांगू नका की पहिल्यापासून तुम्हीच वाचत होतात."

बाईंनी भिंगरीला खोलीत बोलावलं. दादाही उभा होता. भिंगरीने आडपडदा ठेवला नाही. कंस आपण हलवला, घाईत हलवला, दादाचा काही दोष नाही, इतक्या वेळा उगाच ओरडल्यावर कोण ऐकेल, हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि जे व्हायचं ते होऊ दे म्हणून टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली.

बाई रागावल्या नव्हत्या, हेच जास्त अवघड होतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "चूक होते, ती मला कळते. पण दादा सांगतात, तुला वेळेत समजलं होतं. हाताशी तास होता, वाट अर्ध्या तासाची. गॅस बंदच असतो तरी रोज कोपऱ्यावरून माघारी पळणारी बाई तू. आणि तुझ्याच आत्याचा आवाज पुसला जातोय हे माहीत असून परवा बसून राहिलीस? का आली नाहीस?"

भिंगरी म्हणाली, "दोनदा उठले होते बाई, पर्स खांद्याला लावली होती. पण आत्या बाबांची भिंतीवरची गोष्ट सांगत होती, आणि ती संपायला सव्वासहा झाले."